भिंतीला पाठ लावून

हेवा हा माझा जुना आजार आहे आणि त्याच्यावर आमच्या हॉस्पिटलात गोळी मिळत नाही. माझ्या जावेने घेतलेल्या फ्लॅटला दोन बाल्कन्या निघाल्या, तर मी वर्षभर तिच्याकडे हळदीकुंकवाला गेले नव्हते. नवरा म्हणतो, शेजारच्यांचं वरण चांगलं शिजलं तरी तुझ्या पोटात दुखतं. दुखतं, काय करू? पण जाऊ, नणंद, शेजारीण ही सगळी किरकोळ दुखणी. खरा जळफळाट मला एकाच माणसाचा झाला, आणि ती माझ्याच हाताखाली तयार झालेली पोरगी होती.

मी उल्हासनगरच्या एका खाजगी मानसिक रुग्णालयात नर्स आहे. बायकांच्या वॉर्डात. माहेर अंबरनाथजवळचं, शेतीचं. सासर बदलापूरचं, तेही शेतीचं, आता त्या शेतांवर इमारती आहेत. आम्ही सोनिवलीच्या बाजूला राहतो आणि मी स्कूटीने ड्यूटीला जाते. लग्नकार्यात बायका हटकून विचारतात, तसल्या पेशंटांची भीती नाही का वाटत? मी विचारते, तुम्हाला तुमच्या सासूची वाटते का?

त्या पोरीला मी मनातल्या मनात वांगणीवाली म्हणते. तोंडावर अर्थात नावाने हाक मारते. तिच्या घरचे मूळचे देशावरचे, वांगणीला जागा परवडली म्हणून तिकडे राहिले. साध्या हॉस्पिटलातून आमच्याकडे आली तेव्हा हातात हे एवढं घड्याळ, गळ्यात साखळी आणि पाठीवर लांबसडक वेणी. मी तिला म्हटलं होतं, ती वेणी आधी वर बांध. ती हो ताई, हो ताई म्हणाली आणि राहून गेलं. दुपारच्या चहाआधीच एका पेशंटने मागून तिची वेणी मुठीत धरली. असं झालं की माणूस जीव खाऊन आपलं डोकं पुढे ओढतो, आणि मग केस मुळासकट येतात. मी धावले, पेशंटची मूठ पोरीच्या डोक्यावर घट्ट दाबून धरली, म्हणजे ओढ बसत नाही, आणि पेशंटशी हळूहळू बोलत एकेक बोट सोडवलं. पोरगी पांढरीफटक पडली होती. दुसऱ्या दिवशी अंबाडा घालून, वर जाळी लावून आली.

तेव्हापासून तिला मी हातचं काही राखून न ठेवता शिकवलं. गोळी दिली की पेशंटला बोलतं करायचं, म्हणजे गालात दाबलेली असली तर कळते. दाराच्या मधोमध उभं राहायचं नाही, पेशंटला वाट मोकळी ठेवायची आणि आपल्यालाही. समोर नाही, थोडं बाजूने चालायचं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, वॉर्डाला पाठ दाखवायची नाही. काहीही झालं तरी नाही. जेवायला बसलो तरी भिंतीला पाठ आणि तोंड दाराकडे. ही सवय इतकी अंगात मुरते की आमच्यातलं कुणी हॉटेलात गेलं तरी कोपऱ्यातलं टेबल मागतं. मी तर माझ्या भावाच्या लग्नात मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. फोटोत सगळे नवरानवरीकडे बघताहेत आणि मी एकटी पाहुण्यांच्या हातांकडे.

तर अशी शिकवलेली ती पोरगी. चार लोकांत म्हणायची, मला ताईंनी घडवलं. मला बरं वाटायचं. तोवर ती माझ्यापेक्षा खालच्या पायरीवर होती, म्हणून बरं वाटायचं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग ते वाईट वर्ष आलं. चांगल्या चांगल्या नर्सेस सोडून गेल्या, कुणी आखातात, कुणी घरी. जे उरले ते दोघादोघांचं काम करायचे. मला त्या वर्षात काय झालं ते मला नीट सांगताही येत नाही, आणि मी रोज दुसऱ्यांना विचारते, काय होतंय ते सांगा. ड्यूटी करून आले की सोसायटीच्या आवारात स्कूटीवरच बसून राहायचे, हेल्मेट घालून. वॉचमन विचारायचा, मॅडम, गाडी बंद पडली का? वर जावंसंच वाटायचं नाही. वर गेलं की कुणीतरी काहीतरी मागणार. एकदा माझी मुलगी कॉलेजातलं काहीबाही सांगत रडायला लागली आणि मी तिला विचारलं, झोप लागते का, भूक कशी आहे. ती डोळे पुसून म्हणाली की मी पेशंट नाहीये, आणि तिच्या खोलीत निघून गेली. मला तिच्या मागे जायला हवं होतं हे कळत होतं. पण पाय उचलले नाहीत.

वॉर्डातही माझं डोकं फिरायला लागलं होतं. एक नवरा दर आठवड्याला बायकोला भेटायला यायचा आणि भेटीची सगळी वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचा. ती बिचारी त्याच्या कपाळाकडे बघत बसलेली. एकदा मी त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि म्हटलं, आता बघा तिच्याकडे. त्याने तक्रार केली. बरोबरच केली म्हणा.

आमचे मोठे डॉक्टर सिंधी, उल्हासनगरातच जन्मले-वाढलेले. माणूस सज्जन. मराठीत सुरुवात करतात आणि जीव ओतून बोलायचं झालं की हिंदीत जातात. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की मी तापलेली आहे, आणि मीच नाही, सगळा स्टाफ तापलेला आहे. म्हणून ते सजगतेचा एक वर्ग ठेवणार होते, दर बुधवारी दुपारी. शिकवणाऱ्या बाई पुण्याहून यायच्या होत्या. इथवर ठीक होतं. पुढचं मात्र वेगळं होतं. वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर मुलाकडे राहायला निघाल्या होत्या. मानसोपचाराचा डिप्लोमा वॉर्डात दोघींचाच, माझा आणि वांगणीवालीचा. वर्ग संपला की दोघींपैकी जी शांत राहील ती इनचार्ज होणार. दुसरीला ते खाली ओपीडीच्या टेबलावर बसवणार होते, थोडा आराम म्हणून.

ते म्हणाले, "सिस्टर, ये सजा नहीं है. आराम है."

आराम कसला? ओपीडीच्या टेबलावर बसून नंबर पुकारायचे, एवढंच. वरचा वॉर्ड माझा होता. कोण कुठल्या दिवशी बिथरणार ते मला तिच्या चपलांच्या आवाजावरून कळतं. कुणाला गोळी गरम पाण्याबरोबर लागते, कोण अंघोळीला आधी बादली उपडी करून बघते, सगळं मला तोंडपाठ. ते सोडून मी खाली बसले असते तर महिनाभरात सुकले असते. वैताग होता तो कामाचा होता हो, वॉर्डाचा नव्हता. हा फरक मला कुणाला समजावता आला नाही.

पहिल्या बुधवारी आम्ही सगळे जिथे पेशंट कागदी पिशव्या करतात त्या खोलीत जमलो. चटया घातल्या होत्या. पुण्याच्या बाई बारीक चणीच्या, आवाज मऊ. त्या मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, या, जवळ या, गोल करू. आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि आपापली चटई ओढत भिंतीकडे नेली. कुणी ठरवलं नव्हतं. बघता बघता चारी भिंतींना माणसं लागली आणि मधल्या मोकळ्या जागेत बाई एकट्या. ब्रदर, म्हणजे पुरुषांच्या वॉर्डातला आमचा नर्स, एक हात कमरेच्या किल्ल्यांवर ठेवूनच बसला होता. बाईंनी हसून परत बोलावलं. कुणी हललं नाही.

मग त्या म्हणाल्या, डोळे मिटा.

मिटतात होय? माझ्या पापण्या अर्ध्यापर्यंत आल्या आणि परत वर गेल्या. दोन्हीकडे बघितलं तर सगळ्यांची तीच गत. एक जण मिटायची, एका डोळ्याच्या फटीतून दाराकडे बघायची. सजगता शिकवताहेत म्हणे, मी मनात म्हटलं, इतकी वर्षं आम्ही काय झोपा काढत होतो? हसायला येत होतं. आणि तेवढ्यात वांगणीवाली उठली, चटई उचलली, मधे जाऊन बाईंच्या समोर बसली. दाराला पाठ करून. मी शिकवलेलं सगळं त्या दाराबाहेर फेकून दिल्यासारखी बसली आणि तिने डोळे मिटले.

मिटले म्हणजे खरंच मिटले. पापणी हलत नव्हती. थोड्या वेळाने खांदे खाली आले, कपाळावरची आठी गेली, तोंड जरासं उघडं पडलं. लहान पोर दूध पिऊन झोपतं तसा चेहरा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिला जमलं. ज्या पोरीची वेणी मी सोडवली ती दाराला पाठ करून सुखाने बसली होती, आणि मी भिंतीला पालीसारखी चिकटून तिच्याकडे टक लावून बघत होते.

बाई वाईट नव्हत्या, उलट फार समजूतदार होत्या. त्याचाही मला राग आला. दुसऱ्या बुधवारी त्यांनी स्वतःच सांगितलं की तुमचं काम माझ्या लक्षात आलंय, डोळे उघडे ठेवा, समोर जमिनीकडे बघा, भिंतीला टेका, पाठीला भिंत लागते ती जाणवू द्या, तेवढंही पुरे. आणखी एक सांगितलं, की वॉर्डाच्या जाळीच्या दाराला किल्ली लावताना तिथे एक श्वास पूर्ण घ्यायचा, मग किल्ली फिरवायची. किल्ली आम्ही सारखीच फिरवतो. मी नाक मुरडलं. पण करून बघितलं. आणि काय सांगू, जरा फरक पडायला लागला. बाहेरचा राग बाहेर राहायचा, आतला आत. संध्याकाळी घरी आले की सोसायटीत गाडी लावतानाही तसाच एक श्वास घ्यायचे आणि मग हेल्मेट काढायचे. हे मी कुणाला सांगितलं नाही. वांगणीवालीला तर मुळीच नाही.

कारण सगळीकडे तिचंच कौतुक सुरू झालं होतं. बाई म्हणायच्या, हिचं बघा. डॉक्टर राउंडला तिला विचारायचे, आज आपलं ध्यान कसं झालं. मावशी, म्हणजे आमच्या वॉर्डातल्या आया, चहा आधी तिला द्यायला लागल्या. माझ्याच डोक्यावर मिरे वाटायला निघाली की काय ही, असं मला व्हायचं. ती मात्र नेहमीसारखीच, ताई हे बघता का, ताई ते सांगता का. तिच्या त्या साधेपणानेसुद्धा मला चिडायला व्हायचं. जरा उर्मटपणे वागली असती तर मला बोलायला जागा मिळाली असती.

आणि वरून ते पापडाचं झालं. आमच्या वॉर्डात एक वयस्कर सिंधी बाई आहेत, उल्हासनगरच्याच कॅम्प नंबर चार वस्तीतल्या. कित्येक वर्षांपासून येऊन-जाऊन असतात. सिंध्यांच्या घरी कुणी आलं की आधी पापड आणि पाणी पुढे करतात. ह्या बाई वॉर्डालाच घर समजतात, आणि जे माणूस त्यांना आपलं वाटतं त्याला ओंजळ पुढे करून विचारतात, पापड खाणार? हातात काही नसतं. आपण घेतल्यासारखं करायचं, मोडून खायचं, पाणी प्यायचं. मला त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते दोन पावसाळे उलटल्यावर. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. तो पापड म्हणजे मला मिळालेलं सर्टिफिकेट होतं. वांगणीवालीला तोवर त्यांनी कधी विचारलं नव्हतं. एका गुरुवारी सकाळी मी गोळ्यांची ट्रॉली घेऊन येतेय, तर समोर ही बाईंच्या पलंगापाशी उभी, ओंजळीतून काहीतरी उचलते आहे, आणि तोंडाने कुर्रकुर्र आवाजसुद्धा काढते आहे. मला कधी तो आवाज काढायचं सुचलं नव्हतं. बाई खुदुखुदु हसत होत्या.

मी ट्रॉली पुढे ढकलली. आता माझ्याकडे हिच्यापेक्षा जास्त असं काय उरलं, तेच मला कळेना.

मग मी हट्टाला पेटले. डोळे मिटायचेच. घरी दुपारी नवरा बाहेर, मुलगी कॉलेजात, पलंगावर मांडी घालून बसले. लिफ्टचं दार वाजलं, डोळे उघडले. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, उघडले. काहीच वाजेना तेव्हा, काही का वाजत नाही म्हणून उघडले. एका सोमवारी ड्यूटीवरून परतताना अंबरनाथला शिवमंदिरात थांबले. लहानपणापासून जाते मी तिथे. पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात गेलं की थंडगार लागतं. तिथे तरी मिटतील. आजूबाजूला बायका हात जोडून, डोळे मिटून देवाशी बोलत होत्या. मी हात जोडले आणि माझं लक्ष गेलं माझ्या मागे कोण उभं आहे तिकडे. वर जायची वाट मोकळी आहे का तिकडे. शेजारची बाई सारखी ओठ चावत होती, हिला काय होत असेल तिकडे. देव समोर आणि मी बायकांची तपासणी करत उभी. तशीच वर आले. वर आल्यावर मला त्या सगळ्या बायकांचा हेवा वाटला, आणि परत वांगणीवालीचा तर वाटलाच.

बुधवार मात्र मी एकही चुकवला नाही. शिकायला जात होते म्हणाल तर थोडं. खरं तर तिच्याकडे बघायला जात होते. दर वेळी तीच चटई, तीच भिंत, आणि ती समोर मधोमध. मी सगळा वेळ तिच्याकडे बघायचे. कुठे पापणी हलते का, कुठे नाटक दिसतं का. एकदाही दिसलं नाही.

शेवटचा बुधवार आला. त्या दिवशी डॉक्टर स्वतः बघायला येणार होते आणि सगळ्यांचा सराव वांगणीवाली घेणार होती. बाईंनीच तसं ठरवलं होतं. म्हणजे निकाल लागल्यातच जमा. नेमकी त्याच दुपारी वॉर्डातल्या एका मावशीची सुट्टी होती. कुणीतरी वॉर्डात थांबायला हवं होतं, खालच्या सिस्टरला वर बोलावता आलं असतं, पण मी म्हटलं मीच थांबते. कशाला तिथे जाऊन तिची आरती ओवाळू? मी जाळीच्या दाराला आतून कुलूप लावलं आणि कॅम्प चारच्या बाईंपाशी जाऊन बसले. त्यांनी मला पापड विचारला नाही, त्या झोपल्या होत्या. मी बसल्या बसल्या ओपीडीच्या टेबलाचा विचार करत होते.

वर्ग लवकरच सुटला. जिन्यात पावलं ऐकू आली, पण बोलण्याचा आवाज नव्हता. ब्रदर जाळीपाशी आला आणि त्याने हळू आवाजात सगळं सांगितलं. ती मधे जाऊन बसली, सगळ्यांना म्हणाली डोळे मिटा किंवा खाली बघा, स्वतः मिटले आणि लगेच उघडले. परत मिटले, परत उघडले. मान वळवून दाराकडे बघायला लागली. बाईंनी हळूच विचारलं, बरं वाटत नाही का? मग उठली, चटई ओढत भिंतीकडे नेली आणि भिंतीला पाठ लावून बसली, आम्ही सगळे बसतो तशी. डॉक्टरांनी पाच मिनिटं बघितलं आणि उठून गेले. बाईंनी पुढचं कसंतरी पार पाडलं.

मला आनंद झाला. मनापासून झाला. ब्रदरला मी अरे अरे, बिचारी, असं म्हटलं, आणि तो वळल्याबरोबर माझ्या तोंडावर हसू आलं ते मला आवरेना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले की ती अजून कच्ची आहे, त्यांचीच घाई झाली. पुण्याच्या बाईंनी माझ्याबद्दल चांगलं सांगितलं होतं, की ह्या सिस्टर डोळे मिटत नाहीत पण एकही वर्ग चुकवत नाहीत, आणि आता आवाजही खाली आलाय. वॉर्ड माझ्याकडे राहणार होता. बुधवारचा वर्गही चालू राहणार होता, बाई महिन्यातून एकदा येणार आणि एरवी आमचं आम्ही. वांगणीवालीचं काय, म्हणून मी विचारलं. ती एक तारखेपासून खाली ओपीडीला जाणार, बुधवारी तेवढी वर्गाला येईल. मी थँक यू सर म्हणून बाहेर आले. पेढे सांगायचे होते, कुणाला पाठवावं असा विचार करतच वर गेले.

ती औषधांच्या कपाटापाशी होती. तिला आधीच कळलं होतं. रडलेली दिसत होती, पण बोलणं नेहमीसारखं. अभिनंदन ताई, म्हणाली, आणि वाकून पाया पडायला लागली. मी तिला धरून उभी केली. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, काल झालं काय तुला? इतके बुधवार तर छान बसत होतीस.

ती माझ्याकडे बघत राहिली, मला हे माहीत नसेल असं तिला खरंच वाटलं नव्हतं.

"ताई, काल तुम्ही नव्हता ना," ती म्हणाली. "तुम्ही भिंतीपाशी बसून सगळा वेळ माझ्याकडे बघत असता. तुमची नजर माझ्यावर आहे म्हटलं की मला दाराची भीतीच वाटत नाही. मागून कुणी आलं तर ताई आहेत. त्या वेणीच्या दिवसापासून मला तसंच आहे. काल डोळे मिटले आणि वाटलं, आता कुणीच बघत नाहीये."

माझ्या हातात औषधांच्या कपाटाची किल्ली होती. ती मी उगीचच कुलपात घातली आणि परत काढली.

काय सांगणार होते मी तिला? की अगं, मी तुझ्यावर जळत होते? तुझं नाटक पकडायला बघत होते? ती कपाट आवरत होती आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. मी नवीन होते तेव्हा मला एका पेशंटने भिंतीवर ढकललं होतं. खांदा निखळला. त्या वेळच्या सिस्टर टेबलावर पाठमोऱ्या बसून डबा खात होत्या. त्यांना कळलं ते मी ओरडल्यावर. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, तेव्हाही नाही, त्यानंतर इतक्या वर्षांत एकदाही नाही. म्हणून तर माझे डोळे मिटत नाहीत. आणि ह्या पोरीकडे बघायला मी होते. जावेच्या बाल्कन्यांचा मला हेवा वाटला, मंदिरातल्या बायकांचा वाटला, पण तिला मी मिळाले आणि मला माझ्यासारखी कुणी मिळाली नाही, ह्या गोष्टीचा जो हेवा मला त्या क्षणी वाटला तसा उभ्या आयुष्यात कशाचा वाटला नाही. वॉर्ड मिळाल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला.

"डॉक्टरांना का नाही सांगितलंस हे?" मी विचारलं. आवाज चढलाच.

ती म्हणाली, काय सांगू ताई, की ताई असल्या तरच मी शांत असते? मग मला इनचार्ज कशाला करतील? बरोबरच आहे त्यांचं.

मी पेढे सांगितले नाहीत. डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगून तिला वर ठेवून घ्यावं, एवढी मी मोठ्या मनाची नाही. ती एक तारखेला खाली गेली. जाताना कॅम्प चारच्या बाईंनी तिला ओंजळभर पापड दिले, मला ते सहन झालं नाही, म्हणून मी चादरी-अभ्र्यांची मोजणी करायला आत निघून गेले.

पुढच्या बुधवारी ती वर्गाला आली आणि थेट भिंतीकडे चटई न्यायला लागली. मी तिला हाताने अडवलं. "मधे बस," मी म्हटलं. रागानेच म्हटलं. "मी आहे."

ती मधे बसली, दाराला पाठ करून, आणि थोड्या वेळाने तिच्या कपाळावरची आठी गेली. मी भिंतीला टेकले. पोटात नेहमीसारखंच दुखत होतं. तास संपेपर्यंत मी तिच्यावरची नजर काढली नाही.